बॅटरीतून येणारा पांढरा ‘धूर’ हा धूर नसतोच, मग तो असतो काय?

रस्त्याच्या कडेला इलेक्ट्रिक स्कूटर उभी आहे. सीटखालून पांढरा धूर येऊ लागतो. आजूबाजूचे लोक थांबतात, मोबाइल बाहेर निघतात. धूर दाट होत जातो आणि काही सेकंदांत भडका उडतो. पुण्यातल्या धानोरी-लोहगाव परिसरात २६ मार्च २०२२ ला घडलेल्या अशाच घटनेचा व्हिडिओ देशभर फिरला होता. त्यानंतर असे किती व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन गेले असतील, याची मोजदाद नाही.

त्याच सुमारास, म्हणजे पुण्यातल्या घटनेच्या आदल्या रात्री, तमिळनाडूतल्या वेल्लोरमध्ये चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरनं पेट घेतला. घरात झोपलेले वडील आणि त्यांची मुलगी, दोघंही दगावले. भाजून नाही, गुदमरून.

व्हिडिओ पाहताना सगळ्यांचं लक्ष ज्वाळांकडे जातं. ज्वाळांच्या आधी येणाऱ्या त्या पांढऱ्या ढगाकडे मात्र ‘आता आग लागणार’ एवढ्याच अर्थानं पाहिलं जातं. खरं तर तो ढगच सगळ्यात आधी समजून घ्यायला हवा. तो पेटू शकतो, बंद जागेत त्याचा स्फोट होऊ शकतो आणि पेटला नाही तरी तो विषारी असतो.

सेलच्या आत काय घडतं?

मोबाइल, लॅपटॉप, स्कूटर, कार या सगळ्यांत आज लिथियम-आयन बॅटरी असते. बॅटरी म्हणजे अनेक छोट्या सेलचा संच. प्रत्येक सेलमध्ये एका बाजूला ग्रॅफाइटचा थर असतो, दुसऱ्या बाजूला धातूंच्या ऑक्साइडचा किंवा फॉस्फेटचा थर. मध्ये प्लास्टिकचा अतिशय पातळ, सच्छिद्र पडदा असतो. आणि हे सगळं एका द्रवात भिजलेलं असतं. या द्रवाला इलेक्ट्रोलाइट म्हणतात.

गोम या द्रवात आहे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी आणि अ‍ॅसिड असतं. इथं पाणी चालत नाही. म्हणून कार्बोनेट गटातली सेंद्रिय द्रावणं वापरतात. ही द्रावणं पेट घेणारी असतात, साधारण थिनरच्या जातकुळीतली. त्यांत लिथियमचं एक क्षार विरघळवलेलं असतं आणि त्या क्षारात फ्लोरिन असतं.

सेल कुठल्याही कारणानं तापला, म्हणजे आतल्या आत शॉर्ट झाला, गरजेपेक्षा जास्त चार्ज झाला, आपटला, चेपला किंवा बाहेरून उष्णता लागली, की साधारण ८० ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ग्रॅफाइटवरचा संरक्षक पापुद्रा सुटू लागतो. पापुद्रा सुटला की ग्रॅफाइट आणि इलेक्ट्रोलाइट यांची थेट गाठ पडते, त्यातून आणखी उष्णता आणि वायू तयार होतात. १३० अंशांच्या आसपास मधला प्लास्टिकचा पडदा वितळू लागतो. तो गेला की दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात. इथून पुढे बाहेरून उष्णता लागत नाही. सेल स्वतःच स्वतःला तापवत नेतो आणि काही सेकंदांत तापमान कित्येक शे अंशांवर जातं. याला ‘थर्मल रनअवे’ म्हणतात. लगाम सुटलेला घोडा म्हणा.

या सगळ्या गडबडीत इलेक्ट्रोलाइटची वाफ होते आणि त्याचं विघटन होऊन वायू तयार होतात. हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, मिथेन, इथिलीन, शिवाय फ्लोरिनयुक्त क्षारामुळे हायड्रोजन फ्लोराइड. यातले बहुतेक वायू डोळ्यांना दिसतच नाहीत. पांढरं जे दिसतं ते मुख्यतः इलेक्ट्रोलाइटचे बारीक थेंब असतात. हिवाळ्यात तोंडातून वाफ दिसते तसे. या वाफेला अनेकदा गोडसर, रंगाच्या किंवा नेलपॉलिशच्या दुकानासारखा वास येतो.

म्हणजे लाकूड जळून होणारा धूर आणि हा ढग यांत मूलभूत फरक आहे. लाकडाचा धूर बराचसा जळून झालेल्या पदार्थाचा असतो. बॅटरीचा पांढरा ढग हे अजून न जळलेलं इंधन असतं. भडका उडाल्यानंतर मात्र प्लास्टिक, वायरी, फोम जळू लागतात आणि मग काळा, खराखुरा धूर त्यात मिसळतो.

एवढ्याशा सेलमधून किती वायू?

स्कूटर आणि लॅपटॉपमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका सेलला ‘१८६५०’ म्हणतात. १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. पेन्सिल सेलपेक्षा थोडा जाडजूड. त्याचं आकारमान जेमतेम साडेसोळा मिलिलिटर, म्हणजे साधारण तीन चमचे.

ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथल्या संशोधकांनी अशा सेलना मुद्दाम तापवून निघणारा वायू मोजला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांतले आकडे लिटरमध्ये मांडले, तर एका सेलमधून रसायनाच्या प्रकारानुसार सव्वा लिटरपासून साडेसहा लिटरपर्यंत वायू निघाला. तीन प्रकारच्या सेलपैकी तिन्हींच्या वायूत हायड्रोजन सुमारे ३० टक्के होता. कार्बन मोनॉक्साइड सुमारे ५ टक्क्यांपासून २८ टक्क्यांपर्यंत.

आता एक ढोबळ हिशेब. स्कूटरची बॅटरी ३ किलोवॅट-तासांची धरली तर तिच्यात असे साधारण ३०० सेल लागतात. प्रत्येकातून ४ लिटर वायू निघाला असं मानू. एकूण १,२०० लिटर. दहा बाय दहाची खोली, उंचीही दहा फूट, तर तिच्यात सुमारे २८,००० लिटर हवा मावते. वायूत कार्बन मोनॉक्साइड १३ टक्के असेल, तर खोलीच्या हवेत त्याचं प्रमाण दहा लाखांत साडेपाच हजार भागांच्या आसपास जातं. अमेरिकेत कामाच्या ठिकाणांसाठी ‘जीविताला तत्काळ धोका’ मानली जाणारी पातळी दहा लाखांत १,२०० भाग आहे.

प्रत्यक्षात सगळेच सेल जातील असं नाही, बराच वायू जळूनही जातो, खिडकी उघडी असू शकते. पण चौथाई सेल गेले आणि वायू न जळता खोलीत कोंडला, तरी ती पातळी ओलांडली जाते. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला जाग येतेच असं नाही. चार्जिंगची आग रात्रीच्या वेळी इतकी जीवघेणी का ठरते, याचं बरंचसं उत्तर या हिशेबात आहे.

हायड्रोजन फ्लोराइडचं प्रमाण यापेक्षा कमी असतं, पण तो मारक जास्त. त्याची ‘तत्काळ धोक्या’ची पातळी दहा लाखांत फक्त ३० भाग आहे. ओलाव्याशी त्याचा संबंध आला की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं, आणि डोळे, घसा, फुप्फुसं यांत ओलावा असतोच.

मग सेलमध्ये झडप कशासाठी?

वायू कोंडला तर सेल बॉम्बसारखा फुटेल. तसं होऊ नये म्हणून उत्पादक त्याला वाट ठेवतात. नळीसारख्या सेलच्या धन टोकाच्या टोपीखाली एक पातळ, खाचा पाडलेली चकती असते. दाब ठरावीक मर्यादेबाहेर गेला की ती त्या खाचांवर फाटते आणि वायू बाहेर पडतो. अनेक सेलमध्ये त्याआधी आणखी एक व्यवस्था काम करते, दाबानं चकती उचलली जाते आणि विजेची जोडणीच तुटते. कारमध्ये असतात त्या चौकोनी सेलमध्ये दोन टोकांच्या मध्ये लंबगोल, पातळ पत्र्याची खिडकी असते. मोबाइलमधल्या पाऊच सेलला यातलं काही नसतं. तो पाकिटासारखा असतो. तो आधी फुगतो आणि मग शिवण जिथं कच्ची असेल तिथं उसवतो.

प्रेशर कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हशी याची तुलना केली जाते, आणि ती एका मर्यादेपर्यंत बरोबर आहे. व्हॉल्व्ह उडाला म्हणजे कुकर फुटण्यापासून वाचला. पण कुकरमधून बाहेर येते ती पाण्याची वाफ. ती पेटत नाही. सेलच्या झडपेतून बाहेर येतो तो पेटता येण्याजोगा, तापलेला, विषारी वायू. झडपेनं सेलचा प्रश्न सोडवला आणि तो पॅकच्या हवाली केला. पॅकलाही झडप असेल तर त्यानं तो खोलीच्या हवाली केला. बॅटरीच्या सुरक्षिततेची चर्चा ‘सेल चांगला की वाईट’ इथंच अडकते. वायू बाहेर पडल्यावर जाणार कुठं, हा प्रश्न बहुतेकदा कुणी विचारत नाही. मोठे अपघात मात्र नेमके याच प्रश्नावर घडले आहेत.

गल्लीतल्या दुकानात सुटे सेल जोडून, निकेलच्या पट्ट्या मारून, निळ्या पीव्हीसीत गुंडाळून मिळणारे स्वस्त पॅक या बाबतीत सर्वांत बेभरवशाचे. झडपेच्या तोंडावरच गोंद किंवा फोम दाबून बसवला असेल, तर वायूला ठरलेली वाट मिळत नाही. मग सेल बाजूनं फाटतो आणि शेजारच्या सेलवर थेट आगीचा फवारा मारतो.

अ‍ॅरिझोनात दार उघडलं तेव्हा काय झालं?

१९ एप्रिल २०१९. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात सरप्राइज नावाचं गाव आहे. तिथं वीज कंपनीनं सौरऊर्जा साठवण्यासाठी कंटेनरवजा इमारतीत दहा हजारांहून अधिक सेलचा बॅटरी संच बसवला होता. दुपारी पाचच्या सुमारास एका रॅकमधला एक सेल बिघडला. त्याच्या उष्णतेनं शेजारचा गेला, मग त्याच्या शेजारचा. करता करता तो संपूर्ण रॅक गेला.

आग विझवणारी स्वयंचलित यंत्रणा तिथं होती आणि तिनं आपलं काम केलं. ज्वाळा विझवणारा वायू सोडला गेला. पण सेलमधली अभिक्रिया ज्वाळांवर अवलंबून नसते, ती उष्णतेवर चालते. ज्वाळा नव्हत्या, म्हणून निघालेला वायू जळून गेला नाही. तो बंद इमारतीत साठत राहिला. वायू बाहेर काढणारा पंखा नव्हता, दाब मोकळा करणारी व्यवस्थाही नव्हती. थोडक्यात, आग विझवण्याच्या प्रयत्नानं स्फोटाची तयारी झाली.

अग्निशमन दलाचे जवान पोहोचले तेव्हा इमारतीच्या फटींतून पांढरा वायू जमिनीलगत सरपटत बाहेर येत होता. इलेक्ट्रोलाइटची वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे ती अशी खाली पसरते, हायड्रोजन मात्र वर जातो. घातक पदार्थ हाताळणारं विशेष पथक आलं. त्यांनी बाहेरून मोजमापं घेतली, वाट पाहिली, बाहेरचं प्रमाण कमी झाल्यावर रात्री आठच्या सुमारास दार उघडलं. आत हवा गेली. काही मिनिटांत स्फोट झाला. पथकाचा कॅप्टन दारापासून सत्तर फुटांहून दूर जाऊन पडला. चार जवान गंभीर जखमी झाले.

पहिला सेल का बिघडला यावर पुढे तज्ज्ञांत मतभेद झाले. सेलमध्येच दोष होता, असं एका चौकशीचं म्हणणं. उत्पादकाला ते मान्य नव्हतं. स्फोट साठलेल्या वायूचा होता, याबद्दल मात्र वाद नाही. या जवानांनी हलगर्जीपणा केला नव्हता. आत काय आहे हे बाहेरून कळायला त्यांच्याकडे मार्गच नव्हता.

अमेरिकेतल्या साठवण बॅटऱ्यांसाठीच्या ‘एनएफपीए ८५५’ या मानकात आता स्फोट टाळण्याची व्यवस्था हा मुख्य भाग आहे. एक तर स्फोटाचा दाब सुरक्षित दिशेला मोकळा होईल अशी झापं, नाही तर वायू ओळखून तो लगेच बाहेर फेकणारे पंखे. सेल तापवून त्यातून किती आणि कोणता वायू निघतो हे मोजणारी ‘यूएल ९५४०ए’ ही चाचणी त्यासाठीच वापरली जाते.

‘एलएफपी बॅटरी आहे, काळजी नको’ हे कितपत खरं?

स्कूटर किंवा घरगुती इन्व्हर्टरची जाहिरात पाहिली तर ‘एलएफपी’ हा शब्द सुरक्षिततेचा शिक्का असल्यासारखा येतो. एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. हे रसायन निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या बॅटऱ्यांपेक्षा खरोखर शांत आहे. ते जास्त तापमानापर्यंत टिकतं, कमी तापतं आणि वायूही कमी सोडतं. ग्राझच्या प्रयोगांतला सव्वा लिटर वायू एलएफपीचाच होता.

पण त्या वायूतही हायड्रोजन ३० टक्के होता, इतरांइतकाच. शिवाय एलएफपी सेल कमी तापत असल्यामुळे त्याचा वायू जागच्या जागी पेट घेण्याची शक्यता कमी. उघड्यावर ही चांगली गोष्ट. बंद जागेत ती उलटू शकते, कारण न जळलेला वायू साठत जातो आणि ठिणगीची वाट पाहतो.

बीजिंगमध्ये १६ एप्रिल २०२१ ला हेच घडलं. फेंगताई भागातल्या एका साठवण केंद्रात एलएफपी बॅटऱ्या होत्या. दक्षिणेकडच्या इमारतीत आग लागली. जवान तिच्याशी झुंजत असताना अचानक उत्तरेकडची इमारत स्फोटानं हादरली, जिथं आग नव्हतीच. दक्षिणेकडचा वायू केबलसाठी खणलेल्या भुयारी चरातून उत्तरेकडच्या इमारतीत पोहोचला होता, आणि तिथं विजेच्या ठिणगीनं तो पेटला, असं अधिकृत चौकशीत निष्पन्न झालं. दोन अग्निशामक जवान आणि केंद्रातला एक कर्मचारी मृत्युमुखी पडले. वायूला वाट सापडली होती, फक्त ती कुणी आखलेली नव्हती.

विमानात हा प्रश्न कसा सोडवला?

जानेवारी २०१३ मध्ये बोइंग कंपनीच्या ७८७ ‘ड्रीमलायनर’ विमानांत दहा दिवसांच्या आत दोन घटना घडल्या. ७ तारखेला बोस्टनच्या विमानतळावर उभ्या असलेल्या जपान एअरलाइन्सच्या विमानातल्या बॅटरीतून धूर आणि ज्वाळा निघाल्या. १६ तारखेला ऑल निप्पॉन एअरवेजचं विमान बॅटरीच्या बिघाडामुळे जपानमध्ये तातडीनं उतरवावं लागलं. जगभरची ड्रीमलायनर जमिनीवर आली. एअर इंडियाचीही त्यांत होती.

सेलमध्ये आतल्या आत शॉर्ट का झाला, याचं नेमकं मूळ कारण शेवटपर्यंत ठामपणे सापडलं नाही. तरीही एप्रिलमध्ये विमानं पुन्हा उडू लागली. कशी? सेल आणि चार्जरमध्ये सुधारणा झाल्याच, पण कळीचा बदल वेगळा होता. बॅटरी पोलादी पेटीत बंद केली आणि पेटीतून एक नळी थेट विमानाच्या बाहेर काढली. सेल बिघडणारच नाही, असं गृहीत धरणं सोडून दिलं. बिघडला तर वायू प्रवाशांकडे न जाता आकाशात जाईल, एवढं पक्कं केलं.

वर्षभरानं त्याची परीक्षाही झाली. जानेवारी २०१४ मध्ये टोकियोच्या नारिता विमानतळावर उभ्या असलेल्या ड्रीमलायनरमधून पांढरा धूर बाहेर येताना तंत्रज्ञांना कॉकपिटच्या खिडकीतून दिसला. पेटी उघडल्यावर आठपैकी एका सेलची झडप फुटल्याचं आढळलं. बाकीचे सात शाबूत. धूर विमानात नाही, बाहेर गेला होता.

भारतात नियम काय सांगतात?

२०२२ चा उन्हाळा भारतातल्या इलेक्ट्रिक दुचाकींसाठी वाईट गेला. पुणे आणि वेल्लोरनंतर एप्रिलमध्ये नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळ कंटेनरमधून नेल्या जाणाऱ्या स्कूटर पेटल्या. कंपन्यांनी हजारो गाड्या परत मागवल्या. केंद्र सरकारनं तज्ज्ञ समिती नेमली आणि बॅटरीच्या मानकांत बदल झाले. दुचाकी-तीनचाकींसाठीचं मानक ‘एआयएस-१५६’, कार आणि मोठ्या वाहनांसाठीचं ‘एआयएस-०३८’. सुधारित अटी दोन टप्प्यांत लागू झाल्या, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ पासून. ही मानकं प्रसिद्ध करणारी ‘एआरएआय’ ही संस्था पुण्याचीच, कोथरूडच्या वेताळ टेकडीवरची.

या बदलांत वायूचा विचार स्पष्ट दिसतो. पॅकला दाब मोकळा करणारी झडप हवी. सेलमध्ये जास्त उष्णता किंवा वायू आढळला तर चालकाला दिव्यानं आणि आवाजानं इशारा मिळायला हवा. एक सेल मुद्दाम बिघडवून पाहायचा आणि त्यातून पॅकला आग लागता कामा नये किंवा स्फोट होता कामा नये. पूर्वीच्या तुलनेत ही मोठी मजल आहे. जुनी स्कूटर स्वस्तात विकत घेणाऱ्यानं ती या तारखांच्या आधीची की नंतरची, एवढं तरी पाहायला हवं.

पण वाहनाचं मानक वाहनापाशी संपतं. पॅकच्या झडपेतून वायू बाहेर आला की पुढचं सगळं त्या जागेवर अवलंबून. सिकंदराबादमध्ये १२ सप्टेंबर २०२२ च्या रात्री ते दिसलं. इलेक्ट्रिक स्कूटरची शोरूम आणि चार्जिंगची जागा खाली, वर लॉज. खालची आग आणि धूर जिन्यावाटे वर चढला. आठ जणांचा जीव गेला, आणि त्यांतले बहुतेक वरच्या मजल्यांवर धुरात कोंडलेले होते. जिना म्हणजे धुराडं झाला होता. त्याच महिन्यात वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला. भाजलेला सात वर्षांचा मुलगा पुढे दगावला.

मुंबई, ठाणे, पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये आज चार्जिंग पॉइंटवरून वाद होतात ते प्रामुख्यानं मीटर कुणाचा आणि बिल कुणाचं यावर. तळघरातल्या त्या कोपऱ्यातून हवा कुठं जाते, लिफ्टचा बोळ किंवा जिना किती जवळ आहे, तळघराचा एक्झॉस्ट पंखा चालू स्थितीत आहे का, हे प्रश्न सभेच्या विषयपत्रिकेवर क्वचितच येतात. उघड्यावरचा, जिन्यापासून लांबचा पार्किंगचा कोपरा तळघरापेक्षा केव्हाही बरा, आणि त्यासाठी कुठल्याही नियमाची वाट पाहावी लागत नाही.

इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटरीचं काय?

तिच्यात लिथियम नसतं, पण वायू असतो. शिसं-आम्लाची बॅटरी चार्ज होताना, विशेषतः जास्त चार्ज झाली तर, तिच्यातल्या पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन होतं. म्हणूनच अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांवर गेला की तो पेटू शकतो. बॅटरी बंद कपाटात कोंबू नये असं सांगतात ते यासाठी. बॅटरी गरम लागत असेल आणि कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर ती जास्त चार्ज होते आहे. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि तोही विषारी. खिडक्या उघडाव्यात आणि शक्य असेल तर इन्व्हर्टरचा पुरवठा खोलीबाहेरच्या एमसीबीवरून तोडावा. बॅटरीजवळ जाऊन तारा उपसल्या तर ठिणगी पडते.

प्रत्यक्ष वेळ आली तर?

लिथियम बॅटरी बिघडताना अनेकदा आधी सांगते. फस्स असा आवाज, फटाक्याच्या लडीसारखे टप-टप आवाज, गोडसर तीव्र वास, मग पांढरी वाफ. यातलं काही जाणवलं तर प्लग काढायलाही जवळ जाऊ नये. मेन स्विच वाटेत असेल तर तो बंद करावा, घरातल्या सगळ्यांना बाहेर काढावं, मागं दार लोटून घ्यावं आणि १०१ किंवा ११२ वर फोन करून ‘लिथियम बॅटरी आहे’ असं आधी सांगावं. जवान त्यानुसार श्वसनयंत्र लावून येतात. वायू साठलेल्या खोलीचं दार ‘आत काय झालं बघू’ म्हणून पुन्हा उघडू नये. अ‍ॅरिझोनात प्रशिक्षित माणसं होती, तरीही दार उघडल्यावर काय झालं ते वर आलंच आहे.

‘लिथियमवर पाणी टाकलं तर स्फोट होतो’ हा संदेश दर थोड्या दिवसांनी फिरतो. तो शुद्ध धातूच्या लिथियमबद्दल खरा आहे. लिथियम-आयन बॅटरीत सहसा शुद्ध धातू नगण्य असतो, आणि जगभरची अग्निशमन दलं या बॅटऱ्या थंड करण्यासाठी भरपूर पाणीच वापरतात. वाळू किंवा पावडर ज्वाळा दाबते, पण आतली उष्णता घालवत नाही, त्यामुळे विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते. मात्र हे पाणी मारण्याचं काम जवानांचं. बादली घेऊन वायूच्या ढगात शिरण्यात अर्थ नाही.

चार्जिंगच्या जागेबद्दल साधी कसोटी अशी: ही बॅटरी इथं पेटली तर घरातल्या माणसांची बाहेर पडायची वाट बंद होते का? वन रूम किचनमध्ये स्कूटरची काढलेली बॅटरी बहुतेकदा मुख्य दाराशीच चार्ज होते, कारण प्लग तिथं असतो. नेमकी तीच जागा टाळायची. झोपायच्या खोलीत आणि रात्रभर तर नाहीच.

मोबाइलची फुगलेली बॅटरी हा याच गोष्टीचा धिमा प्रकार. मागचं झाकण उचललं गेलंय, स्क्रीन कडेनं वर आलीय, म्हणजे आत इलेक्ट्रोलाइटचं विघटन होऊन वायू साठलाय. सुईनं टोचून ‘हवा काढण्या’चे व्हिडिओ सोशल मीडियावर मिळतात. सुई आत गेली की मधला पडदा भेदला जातो, आणि मग जे होतं ते वर सांगितलंच आहे, फक्त तळहातावर. असा फोन चार्जिंगला लावू नये, दाबून झाकण बसवू नये, घंटागाडीच्या कचऱ्यात टाकू नये, कारण गाडीत कचरा दाबला जातो. बंद करून, पेटणाऱ्या वस्तूंपासून लांब, गॅलरीत सावलीत ठेवावा आणि कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा ई-कचरा संकलन केंद्रात नेऊन द्यावा. देताना ‘बॅटरी फुगली आहे’ हे काउंटरवरच्या माणसाला सांगावं, नाही तर तो फोन इतर फोनच्या ढिगात जाऊन पडतो.